ज्याला धावायची बंदी होती

टोरोंटो शहराच्या मध्यवस्तीत, यंग आणि फ्रंट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, १८८५ साली बांधलेली बँकेची एक देखणी इमारत आहे. उभा जन्म बँकेत खर्डेघाशी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला अशी वास्तू दिसली की त्याचे पाय आपोआप आत वळतात. आत शिरून पाहतो तो काय! वर रंगीत काचांचा घुमट झळकतो आहे; खाली मात्र ना काउंटर, ना खातेवह्या. पैशांचा व्यवहार तिथून केव्हाच उठला आहे. आता त्या दालनात काचेवर कोरलेल्या तसबिरी मांडल्या आहेत, आणि देवळात शिरल्यासारखी माणसे आवाज खाली आणून त्यांच्यापुढून जात आहेत. हे हॉकीतल्या थोरांचे स्मृतिमंदिर. तिथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, हे सांगायला नकोच.

माझा नातू मला हात धरून नेत होता. त्याचा जन्म तिथलाच. मराठी मोडके, पण उत्साह दांडगा. एका तसबिरीपाशी तो थांबला.

“आजोबा, हा रशियन. हा आमच्या लीगमध्ये एक मॅच पण नाही खेळला.”

“मग याला इथे जागा कशी मिळाली?”

त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “त्याला थांबवायला आमच्या लोकांना त्याचा पाय मोडावा लागला. म्हणून असेल.”

मी नाव वाचले. वालेरी खार्लामोव.

त्या हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत होते आणि मला घराबाहेर पडायची सोय नव्हती. वेळ कसा घालवावा म्हणून मी या खार्लामोवबद्दल मिळेल ते वाचू लागलो, त्याच्या जुन्या सामन्यांच्या फिल्मा पाहू लागलो. पहिल्याच पानावर दचकलो. जन्म १४ जानेवारी १९४८, मॉस्को. आपली संक्रांत असते त्या तारखेचा. माझाही जन्म १९४८ चाच. पण दचकलो तो त्यामुळे नव्हे. तेराव्या वर्षी त्याचा घसा धरला, ताप आला, आणि मग डॉक्टरांनी सांगितले की मुलाच्या हृदयात दोष उत्पन्न झाला आहे. धावणे, पोहणे, ओझे उचलणे, शाळेतली कवायत, सगळे बंद! वाचकहो, माझ्या तेराव्या वर्षी आमच्या घरी डॉक्टर जे बोलले, ते जवळजवळ हेच होते.

आईचा देश, बापाची युक्ती

खार्लामोवची आई बेगोन्या ही रशियन नव्हे. ती स्पेनच्या बास्क प्रांतातली, बिल्बाओची. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले, गावांवर बाँब पडू लागले, तेव्हा पुढच्या दोन वर्षांत सुमारे तीन हजार मुलांना बोटींत घालून रशियाला पाठविण्यात आले. त्यांत ही होती. पुढे ती मॉस्कोच्या एका कारखान्यात कामाला लागली. तिथेच तिची बोरीस खार्लामोव या कारागिराशी गाठ पडली. मुलगा झाला, त्याचे नाव वालेरी चकालोव या नामांकित वैमानिकावरून ठेवले. १९५६ साली स्पेनच्या मुलांना मायदेशी जाता येऊ लागले, तेव्हा आई वालेरीला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला घेऊन बिल्बाओला गेली. पण काही महिन्यांतच परत आली. माहेरच्या ओढीने गेलेली बाई संसाराच्या ओढीने परतली, एवढेच त्यातून मला समजते.

बोरीस कारखान्याच्या संघातून बर्फावर खेळणारा. पोराच्या पायात त्याने लहानपणीच स्केट्स बांधलेले. आणि १९६१ साली हे आजारपण आले. घशाचा साधा ताप. पण तो लहान मुलांच्या सांध्यांत उतरतो आणि तिथून हृदयाच्या पडद्यांना धरतो. आपल्याकडे त्या काळी घरोघर हा रोग होता.

आमच्या वडिलांनी माझ्याबाबत डॉक्टरांचा शब्द वेदवाक्य मानला. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, आणि शाळेत कवायतीच्या तासाला लिंबाच्या झाडाखाली बैठक. माझ्यासमोर पोरे खो-खो खेळत आणि मी त्यांचे गुण मांडीत असे. हिशेबाची गोडी मला तिथेच लागली असावी.

बोरीसने मात्र निराळेच केले. १९६२ च्या उन्हाळ्यात त्याने पोराला उचलले आणि लेनिनग्राड रस्त्यावरच्या लष्करी क्रीडासंघाच्या रिंकवर नेले. या संघाला ‘सेस्का’ म्हणतात, आणि तिथे त्या दिवशी मुलांची निवड चालू होती. बायकोला त्याने पत्ता लागू दिला नाही. वालेरी चौदा वर्षांचा, पण आजाराने खुरटलेला. तेव्हा वय एक वर्षाने कमी सांगून तो लहान मुलांत उभा राहिला आणि निवडला गेला! बोरीस कुलागिन नावाच्या शिक्षकाने त्याला पसंत केले. खरे वय पुढे उघडकीला आले. पण तोवर या पोराला घालवून देण्याची कोणाची इच्छा उरली नव्हती.

हे वाचून एखाद्या वडिलांनी उद्या आपल्या आजारी मुलाला मैदानावर पिटाळू नये, म्हणून लगेच सांगतो. बोरीसने डॉक्टर सोडले नव्हते. मुलाला तो तपासणीसाठी इस्पितळात नेतच राहिला, आणि काही वर्षांनी डॉक्टरांनीच प्रकृती निर्दोष असल्याचे सांगितले. पण ती मधली वर्षे बापाने काळजाचा ठोका धरून कशी काढली असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

बुटका विंगर

आता या खेळाविषयी दोन शब्द. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असे बर्फाचे मैदान, भोवती लाकडी कुंपण. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा गडी. चेंडूऐवजी रबराची एक जाड चकती, तिला पक म्हणतात. वजन सहा औंस, पण जोरात मारली तर तासाला शंभर मैलांच्या वेगाने सुटते. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. खेळ इतका दमछाक करणारा की पाऊण-एक मिनिटाने गडी बदलावे लागतात. आणि मुख्य म्हणजे, पक ज्याच्यापाशी असेल त्याला अंगाने धडक देणे हे नियमात बसते! आपल्या हॉकीत ज्याला लेफ्ट-आउट म्हणत, तो इथला डावा विंगर. कुंपणाच्या कडेकडेने मुसंडी मारून आत शिरायचे हे त्याचे काम. आणि कुंपण व धिप्पाड बचावपटू यांच्यामध्ये सापडून चेंगरायचे हेही त्याच्याच नशिबी.

खार्लामोवची उंची होती एकशे त्र्याहत्तर सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच. सेस्काचे मुख्य शिक्षक अनातोली तारासोव हे सोव्हिएत हॉकीचे भीष्माचार्य. त्यांना हे चणीने लहान पोर पटेना. १९६७ साली त्यांनी त्याला उराल पर्वताच्या भागात, चेबारकूल नावाच्या गावी, लष्कराच्या खालच्या संघात पाठवून दिले. आपल्याकडे एखाद्या कारकुनाची आडगावी बदली करावी, तशातलाच प्रकार. पण या पठ्ठ्याने तिथे चाळीस सामन्यांत चौतीस गोल केले. १९६८ च्या मार्चमध्ये तारासोवना त्याला परत बोलवावे लागले.

मग तिघांचे त्रिकूट जमले. मध्ये व्लादिमीर पेत्रोव, उजवीकडे बोरीस मिखाइलोव, डावीकडे खार्लामोव. पेत्रोव हट्टी आणि ताकदवान, मिखाइलोव चिवट. या दोघांनी वाट मोकळी करायची आणि खार्लामोवने त्या वाटेने नाचत जायचे. नाचत हा शब्द मी विचार करूनच वापरला. तो म्हणे, मला सुंदर खेळायला आवडते. फिल्मीत पाहावे तर तो खांद्याने एक बोलतो आणि पायाने दुसरेच करतो. समोरचा खांद्यावर विश्वास ठेवतो आणि फसतो. १९६९ साली, एकविसाव्या वर्षी, तो जगज्जेत्या संघात होता; अशी आठ जगज्जेतेपदे त्याच्या वाट्याला आली. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये पाच सामन्यांत त्याने नऊ गोल केले.

सप्टेंबर १९७२

हा खेळाडू व्यावसायिक होता का? कागदोपत्री मुळीच नव्हता. तो लष्करातला अधिकारी, पगार लष्कराचा. पण बाराही महिने काम एकच, हॉकी. ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. कॅनडाचे उत्तम खेळाडू उघड पैसे घेऊन खेळणारे, म्हणून त्यांना दार बंद. आणि रशियन लोक मात्र ‘हौशी’ म्हणून सोने लुटत आहेत, यावर कॅनडा इतका रुसला की १९७० पासून त्याने जागतिक स्पर्धेत उतरणेच सोडले. अखेर ठरले की एकदा होऊनच जाऊ द्या. आठ सामने, चार कॅनडात, चार मॉस्कोत, कॅनडाचे धंदेवाईक विरुद्ध सोव्हिएत संघ.

कॅनडात कोणालाही शंका नव्हती. एका वृत्तपत्राच्या स्तंभलेखकाने तर लिहिले की रशियनांनी एक जरी सामना जिंकला, तरी हा लेख मी त्यांच्या बीटच्या सूपमध्ये बुडवून खाईन.

२ सप्टेंबर १९७२. माँट्रियल. तिसाव्या सेकंदाला कॅनडाचा पहिला गोल! सात मिनिटे व्हायच्या आत दुसरा. प्रेक्षागृह डोक्यावर घेतले होते लोकांनी. पण पहिला डाव संपेपर्यंत रशियनांनी बरोबरी साधली, आणि दुसऱ्या डावात खार्लामोवने पक घेतला. ही फिल्म मी किती वेळा पाहिली याची गणती नाही. तो कडेने येतो. समोरच्या बचावपटूला वाटते, हा आता आत वळणार. तो तसा झुकतो. तेवढ्यात हा बाहेरून गेलासुद्धा! गोलरक्षक केन ड्रायडन सरसावतो, आणि पक त्याच्यामागे जाळ्यात असतो. त्याच डावात खार्लामोवने आणखी एक गोल केला. सामना ७–३ असा रशियाने जिंकला. स्तंभलेखक शब्दाचा पक्का निघाला. त्याने आपला लेख सूपमध्ये बुडवून चारचौघांसमक्ष खाल्ला. टोरोंटोच्या संघमालकाने खार्लामोवसाठी दहा लाख डॉलर मोजण्याची भाषा केली. पण विकत घेणार कोणाकडून? लष्करातला अधिकारी विकत मिळत नसतो.

त्या दिवसांत मी नुकताच बँकेत चिकटलो होतो. त्याच महिन्यात म्युनिकला आपल्या हॉकीला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले, आणि आम्ही चहाच्या सुट्टीत त्याचीच चर्चा करीत होतो. माझ्याच वयाचा, माझाच आजार झालेला कोणी एक जण जगाच्या दुसऱ्या टोकाला हे करतो आहे, याची मला गंधवार्ता नव्हती.

पाच सामन्यांनंतर रशियाचे तीन विजय, कॅनडाचा एक, एक बरोबरीत. म्हणजे कॅनडाला उरलेले तिन्ही सामने जिंकणे भाग. सहावा सामना मॉस्कोत, २४ सप्टेंबरला. कॅनडाचे सहायक शिक्षक जॉन फर्ग्युसन यांनी बॉबी क्लार्क या खेळाडूला जवळ बोलावून सुचविले की या खार्लामोवच्या घोट्याला जरा प्रसाद मिळायला हवा. ही गोष्ट फर्ग्युसननीच पुढे कबूल केली, म्हणून मी लिहितो. क्लार्कने खार्लामोवला गाठले आणि दोन्ही हातांनी स्टिक फिरवून घोट्यावर मारली. पंचांनी क्लार्कला काही मिनिटे बाहेर बसविले, इतकेच. कॅनडाने तो सामना ३–२ असा जिंकला. सातव्यात खार्लामोव उतरू शकला नाही. तोही कॅनडाने जिंकला. आठव्यात तो दुखऱ्या पायाने खेळला. पण शेवटची चौतीस सेकंदे उरली असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि कॅनडाने सामना आणि मालिका दोन्ही जिंकले.

मौज पाहा, हा गोल करणारा हेंडरसन कॅनडाचा राष्ट्रीय वीर झाला. आणि त्यानेच २००२ साली जाहीरपणे म्हटले की घोट्यावरचा तो फटका हा या मालिकेतला सर्वांत हलका प्रसंग होता. तीस वर्षांनी का होईना, पण विजेत्याच्या मनालाही ते टोचत होते. नातू म्हणाला ते अगदीच पोरकट नव्हते म्हणायचे.

मोडलेले घोटे

१९७६ हे त्याच्या आयुष्यातले विलक्षण वर्ष. ११ जानेवारीला सेस्काचा संघ फिलाडेल्फियाशी खेळला. दांडगाईसाठी प्रसिद्ध असा हा संघ, आणि कर्णधार तोच क्लार्क. त्यांच्या एका बचावपटूने खार्लामोवला असा तडाखा दिला की तो बर्फावर आडवा झाला. पंचांनी काहीच केले नाही, तेव्हा रशियन संघ मैदान सोडून निघून गेला. मनधरणी झाल्यावर परत आला आणि ४–१ असा हरला. पुढच्याच महिन्यात इन्सब्रुक ऑलिंपिकच्या निर्णायक सामन्यात चेकोस्लोव्हाकिया ३–२ असा पुढे होता. रशियाने बरोबरी केली आणि लगोलग विजयाचा चौथा गोल झाला. तो खार्लामोवचा.

मे महिन्यात त्याने इरीनाशी लग्न केले. हळद उतरते न उतरते तोच, २६ मे रोजी, त्याच्या मोटारीला अपघात झाला. घोट्याची हाडे मोडली, बरगड्या मोडल्या, डोक्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, चालेल, खेळण्याचे विसरा.

पुन्हा तेच वाक्य! पण हा गडी पूर्वी एकदा ते ऐकून बसलेला होता. नोव्हेंबरात तो बर्फावर उतरला. त्या दिवशीच्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याला मुद्दाम धडक दिली नाही, असे सांगतात. धडक देणे हेच ज्या खेळाचे व्याकरण, त्या खेळात ही केवढी मानवंदना!

तरी पूर्वीचा खार्लामोव पूर्ण परत आला नाही. वेग थोडा उणावला होता. १९७७ साली विक्टर तिखोनोव हे नवे शिक्षक आले. शिस्त कडक, वर्षातले बहुतेक दिवस खेळाडूंनी बायकामुलांपासून दूर छावणीत काढायचे. ७८ आणि ७९ ची जगज्जेतेपदे आली. १९८० साली लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या महाविद्यालयीन पोरांनी या बलाढ्य संघाला ४–३ असे हरविले आणि खार्लामोवला ऑलिंपिकचे रौप्यपदक घेऊन परतावे लागले.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या स्पर्धेसाठी संघ निघाला. तिखोनोवनी यादीतून खार्लामोवचे नाव गाळले. तेरा वर्षांत जे डॉक्टरांना साधले नाही, क्लार्कला साधले नाही, ते एका कागदाने केले. संघ विमानात बसला आणि तो मॉस्कोतच राहिला. २७ ऑगस्टच्या सकाळी गावाबाहेरच्या घरून तो मॉस्कोला परतत होता. मोटार इरीना चालवीत होती. रस्ता पावसाने निसरडा. चौऱ्याहत्तराव्या किलोमीटरपाशी गाडी घसरून समोरच्या ट्रकवर गेली. खार्लामोव, इरीना आणि तिचा एक नातलग तरुण, तिघेही गेले. त्याचे वय तेहतीस. मागे एक मुलगा, एक मुलगी. ती आजीच्या पदराखाली वाढली.

सोबत्यांना बातमी कळली ती विनिपेगमध्ये. ते अंत्यदर्शनालाही येऊ शकले नाहीत. १३ सप्टेंबरला त्यांनी अंतिम सामन्यात कॅनडाला ८–१ असे धुऊन काढले. मैदान माँट्रियलचेच, जिथे नऊ वर्षांपूर्वी तो कडेने आला होता आणि बाहेरून निघून गेला होता.

लिंबाचे झाड

पुढे मानसन्मान आले. रशियाच्या राष्ट्रीय संघात त्याचा १७ हा आकडा राखून ठेवला गेला. इल्या कोवालचुक या पुढच्या पिढीतल्या खेळाडूने मग आकडे उलटे करून ७१ घातला. मुलगा अलेक्झांडर हॉकीच खेळला आणि १९९४ साली वॉशिंग्टनच्या संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. बापाला जे दार बंद होते ते मुलाला उघडले. २००५ साली टोरोंटोच्या त्या जुन्या बँकेत वालेरीची तसबीर लागली.

सगळे वाचून झाल्यावर माझ्या मनात घोळत राहिला तो मात्र बोरीस. आणि आमचे वडील.

एकदा, आठवीत असताना, मी त्या झाडाखालून उठलो होतो. खो-खोत एक गडी कमी पडला आणि मी उतरलो. पाच मिनिटे खेळलो असेन. काही झाले नाही. छाती धडधडली, पण ती आनंदानेही धडधडते. कुंपणाबाहेरून वडील पाहत होते, हे मला माहीत नव्हते. घरी ते एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र कचेरीतून परस्पर वाचनालयात जाऊन त्यांनी माझ्या नावाने वर्गणी भरली. त्या महिन्यात त्यांनी आपला पानाचा खर्च बंद केल्याचे आई फार वर्षांनी म्हणाली.

कोण बरोबर होते? मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. खार्लामोव तेहतिसाव्या वर्षी गेला. पण त्याला नेले ते हृदयाने नव्हे, रस्त्याने. तेव्हा या हिशेबाचा ताळा जमत नाही, आणि मी तो जमविण्याचा नाद सोडून दिला आहे. दोघेही बाप भ्यालेले होते. एकाने भीती पोटात ठेवून पोराचा हात सोडला, दुसऱ्याने तीच भीती पोटात ठेवून तो घट्ट धरला.

परत निघायच्या आदल्या शनिवारी नातवाचा सामना होता. उजाडायच्या आत आम्ही रिंकवर. मी शाल, मफलर, कानटोपी अशा थाटात बाकावर बसलो. आमचे चिरंजीव डावे विंगर. त्याच्या दीडपट अंगाचा एक पोरगा समोरून आला आणि आमचा हिरो कुंपणावर जाऊन आदळला. मी अर्धवट उठलो. “हळू रे!” हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

ते गिळून मी खाली बसलो. तोवर तो उठून पकमागे निघूनही गेला होता.